शितूत भावजींची बेगमी

ये, जवळ ये. आणि तो फोन आधी खाली ठेव, मग बोलू. किती फोटो आहेत त्यात? माहीत नाही ना? बारशापासूनचे सगळे त्यातच, आणि दुसरीकडे कुठे एकसुद्धा नाही. उद्या विहिरीवर वाकून बघताना तो आत पडला म्हणजे? शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, आणि विरजणसुद्धा दोन भांड्यांत ठेवावं हे आम्ही सांगायचं. बरं, तोंड पाडू नकोस. मीही अशीच होते. मला सुधारलं ते आमच्या शितूत भावजींनी. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणूनच तर हाक मारली.

आमच्या आळीत माणूस भेटला की "जेवलात का" विचारतात. पावसाळ्यात "तुमच्याकडे किती लागला" विचारतात. शितूत भावजी बारा महिने एकच विचारतात, "बेगमी झाली?"

बेगमी म्हणजे आगोटीच्या आधी, पावसाची चार महिन्यांची कोंडी होण्यापूर्वी, घरात भरून ठेवायचं ते. सुकी लाकडं, आमसुलं, पापड, सुकट खाणाऱ्यांकडे सुकट. भावजींना मात्र लाकडांशी कर्तव्य नाही. कम्प्युटरात जे काही आहे त्याची दुसरी प्रत काढून वेगळ्या डब्यात ठेवली की नाही, एवढंच त्यांना हवं असतं. जग त्याला बॅकअप म्हणतं. भावजी म्हणतात, "बॅकअप म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि विसरतो. बेगमी म्हटलं की त्याला पाऊस दिसतो."

नव्या माणसाला हे कळत नाही. बँकेत बदलून आलेल्या साहेबांची बायको भाजी घेऊन चालली होती, तिला भावजींनी गाठलं. "बेगमी झाली?" ती बिचारी देशावरची. म्हणाली, "तांदूळ भरलेत. लाकडं लागत नाहीत, गॅस आहे." भावजी म्हणाले, "तांदूळ राहू द्या. लग्नाचे फोटो?" ती घाईघाईने माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ते गृहस्थ माझ्याकडे माझ्या लग्नाचे फोटो मागत होते हो."

आळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा नवरानवरीचे फोटो काढायला गणपतीपुळ्याच्या वाळूत सगळे गेले होते. भावजी पँट दुमडून फोटोग्राफरच्या मागेमागे. "दोन कार्डांवर पडतायत ना? एक कार्ड बसलं तर?" तो म्हणाला, "काका, आधी फ्रेममधून बाजूला व्हा." अल्बममध्ये तीन ठिकाणी भावजी आहेत. तिन्ही ठिकाणी बोट वर.

एकदा तर एकाच्या तेराव्याला गेले आणि पान वाढून व्हायच्या आत मुलाला विचारलं, "नानांचा पासवर्ड कोणाकडे आहे?" पंगतीत सगळ्यांच्या माना वळल्या. हा काय विचारायचा प्रसंग आहे का. दोन महिन्यांनी तोच मुलगा भावजींच्या दारात उभा होता. नानांचे सगळे कागद कम्प्युटरात होते, आणि कम्प्युटर उघडत नव्हता.

दिसायला म्हणाल तर काटकुळे. शर्टाच्या खिशात चार पेन असावीत असं लांबून वाटतं, जवळ गेलं की ते पेन ड्राइव्ह निघतात. आमच्या परसाच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे खालच्या अंगाला, त्यांचं घर. एकटेच असतात. लग्न केलं नाही. का नाही, ते कोणी विचारत नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. नोकरी सगळी मोजणी ऑफिसात, नक्कल कारकून म्हणून. कोणाला जुन्या नकाशाची प्रत हवी असली की हे काढून द्यायचे, मूळ कागदाशी ओळ अन् ओळ ताडून बघायचे आणि वर शिक्का मारायचे, 'खरी नक्कल'. रिटायर झाले, शिक्का ऑफिसात राहिला, पण हात राहिला नाही. कुणाच्या कम्प्युटरची प्रत पुरी झाली की भावजी अजून मूठ वळून टेबलावर एक दणका देतात आणि म्हणतात, "खरी नक्कल." आमच्याकडच्या टेबलाचा पाय त्यानेच ढिला झालाय असं आमच्या ह्यांचं मत आहे.

आमचे हे एस.टी.त कंट्रोलर होते. बोलणं कमी, आणि बोलले की गाडी सुटल्याची सूचना द्यावी तसं. आमच्याकडे कम्प्युटर आला तो मुलीने, केतकीने, पुण्याला जाताना तिचा जुना ठेवला म्हणून. हे त्याच्यावर रुमाल घालून मोकळे झाले. मी तो रुमाल काढला. माझं शिक्षण सातवी. पण एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले, आणि मग मला एक नाद लागला. आमच्याकडचे शब्द लिहून ठेवायचा. आता आगोट म्हटलेलं पुण्यातल्या माझ्या नातीला कळत नाही. गडगा कळत नाही. पाखाडी, म्हणजे आपली ही चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, जी तुला आत्ता चढावी लागली, ती तिला 'स्टेप्स' वाटते. म्हटलं, कोणीतरी लिहून ठेवायला हवं. सुचेल तसा शब्द, खाली अर्थ, खाली तो कसा वापरतात त्याचं एक वाक्य. सातशेच्या वर शब्द झाले.

आणि परतीच्या पावसात एका दुपारी वीज कडाडली, आणि कम्प्युटरमधून गोडसर जळका वास आला. संपलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. ह्यांनी रुमाल शोधून परत त्याच्यावर घातला. तेवढ्यात गडग्यावरून हाक आली, "वहिनी, वीज पडली ती तुमच्याकडेच का?" भावजी आले. सांत्वनबिंत्वन काही नाही. "दुसरी प्रत?" म्हणाले. मी मान हलवली. "किती शब्द?" म्हटलं, "सातशेवर." ते खाली पाटावर बसले, आणि माणूस गेलेल्या घरात बसतात तसे पाच मिनिटं बसले. उठताना म्हणाले, "परत लिहायला घ्या. या खेपेला बेगमी मी बघतो."

कम्प्युटर केतकीने दुसरा पाठवला, आणि मग सुरू झालं दुसऱ्या प्रतीसाठी डबा निवडणं. मी समजत होते, दुकानात जायचं, घ्यायचा, यायचं. भावजींनी पावणेदोन महिने लावले. दोन पानं भरून प्रश्न लिहून काढले. मला घेऊन दुकानात गेले, आणि तो दुकानदार खोक्यावरची धूळ पुसेपर्यंत यांचा पहिला प्रश्न झालाही.

"हा बंद पडला तर?"

"काका, गॅरंटी आहे. नवीन देऊ."

"डबा नवीन द्याल. वहिनींचे शब्द कुठून देणार?"

भावजींनी दुसरा प्रश्न काढला. आत तबकडी एक की दोन? "दोनच हव्यात. दोघींवर तेच लिहिलेलं पाहिजे. एक मुकी झाली तर दुसरीने बोललं पाहिजे." मग, पंखा किती आवाज करतो. मग, दमट हवेत टिकतो का, कारण आमच्याकडे श्रावणात मिठाचं पाणी होतं. मग, लाइट गेली तर लिहिता लिहिता मधेच जीव सोडतो की नीट आवरून बंद होतो. मग, पासवर्ड किती लांब ठेवता येतो. दुकानदार आधी कंटाळला, मग घाबरला, आणि शेवटी त्याने खुर्ची दिली. जाता जाता त्याला वाटलं आपणही एखादी चांगली गोष्ट सांगावी. म्हणाला, "आणि काका, याची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हा रोज आपोआप कॉपी घेतो. वायरलेस. तुम्ही बघायलाच नको."

"बघायलाच नको?" भावजींनी विचारलं.

"बघायलाच नको."

भावजी माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? बघायलाच नको म्हणे." मुलगा वाया गेल्याची बातमी कळल्यासारखा चेहरा. मला तेव्हा हसू आलं होतं.

डबा घरी आला आणि वायरलेसची खरी परीक्षा झाली. दुकानदार म्हणाला होता, कुठेही ठेवा. त्याला आमच्या भिंती कुठे ठाऊक. चिऱ्याची सव्वा फुटी भिंत आहे, शेजारच्या खोलीत मारलेली हाक ऐकू येत नाही तिथे वायरलेस काय जाणार. कम्प्युटर पडवीत, डबा माजघरात. डबा दिसेचना. भावजी हातात फोन धरून घरभर फिरले, आरतीचं तबक फिरवावं तसा प्रत्येक कोपऱ्याला ओवाळत. "इथे दोन रेघा... इथे एक... इथे गेली." तांदळाच्या कणगीवर उभे राहून बघितलं. देवघरात तीन रेघा मिळाल्या, पण देवाला गरम होईल म्हणून मी नको म्हटलं. शेवटी पडवी आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत झरोका आहे, तिथे डबा बसला. दोन्हीकडे उघडा.

हे पेपर खाली करून म्हणाले, "वायरलेस ना? मग ही मागे वायर कसली?"

"ती डबा आणि राउटर यांची आपसातली आहे," भावजी म्हणाले. "आपल्याला त्यात पडायचं कारण नाही."

त्या झरोक्यात डबा मंद गरम असायचा. पावसाळ्यात घरात कोरडी आणि उबदार अशी तेवढी एकच जागा. मी काय केलं, मटकी फडक्यात बांधून त्याच्यावर ठेवली. एका रात्रीत असे मोड आले की बघत राहावं. गुरुवारी भावजी आले, त्यांनी फडकं उचललं. मग म्हणाले, "वहिनी, हा डबा आहे. उबवणीचा खुराडा नाही." मी ओशाळले. पण उसळ दोन वाट्या खाल्लीन, आणि पुढच्या गुरुवारी विचारलंन, "आज काही भिजवलं नव्हतंत?"

गुरुवार आमचा वार. तोवर भावजींनी आळीत नऊ घरांत असे डबे बसवले होते, आणि घराघराला वार लावून दिला होता. कोणाचा सोमवार सकाळ, कोणाचा सोमवार संध्याकाळ. आमचा गुरुवार, चारचा. पाखाडीच्या बत्तीस पायऱ्या चढून यायचे, छत्री पडवीत उपडी करायचे, वही काढायचे. कम्प्युटरवर एक बटण दाबायचे आणि प्रत पुरी होईपर्यंत चहा. मग दणका, खरी नक्कल. पण तेवढ्यावर संपत नसे. "भरून ठेवलेलं काढून बघितलं नाही तर ती बेगमी नव्हे, ती अडगळ," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते त्या डब्यातली प्रत उघडायचे आणि डोळे मिटून कुठेतरी बोट ठेवायचे. जो शब्द निघेल तो मोठ्याने वाचायचे, आणि मग तिघांची जुंपायची.

एकदा 'बेडं' निघालं. मी लिहिलं होतं, वाडीच्या तोंडाशी आडवे बांबू सारून करतात ते फाटक. भावजी म्हणाले, "आमच्या हेदवीला आजोळी बेड्याला दोनच बांबू असायचे." हे म्हणाले, "दोन बांबूंत गुरं अडत नाहीत." भावजी म्हणाले, "आमची गुरं समजूतदार होती." पाऊण तास चाललं. दिवेलागणीला भावजी उठले, तेव्हा मी 'बेडं'खाली लिहिलं होतं, 'बांबूंच्या संख्येबाबत मतभेद आहेत.' आज ते तसंच आहे. असे निम्मेअधिक शब्द त्या गुरुवारांनी दुरुस्त झालेत. हे वरवर म्हणायचे, "आले तुझे भावजी, झाली कम्प्युटरची आरती सुरू." पण चार वाजायच्या आत पेपर घडी करून बसलेले असायचे.

हळूहळू मात्र घरं गळायला लागली. कोणाच्या सुनेने सगळे फोटो फोनमधूनच वर पाठवायची सोय केली. ती भावजींना म्हणाली, "काका, आता क्लाउडवर जातं सगळं." भावजींनी विचारलं, क्लाउड म्हणजे? ती म्हणाली, ढग. भावजी म्हणाले, "कोकणातल्या माणसाने ढगावर भरवसा ठेवायचा?" सगळे हसले, सूनही हसली, आणि तो सोमवार बंद झाला. कोणाची मुलं आईवडिलांना मुंबईला घेऊन गेली. कोणाचा डबा बंद पडला आणि नवा घेतलाच नाही. नवाचे पाच झाले, पाचाचे दोन. मंगळवारचे पाटणकर आणि गुरुवारचे आम्ही. मग पाटणकरही पुण्याला लेकाकडे गेले, डब्यासकट. भावजींच्या वहीत एक आमचाच वार राहिला. वही मात्र ती जाडजूडच आणायचे.

आता माझी चूक सांगते.

त्या वर्षी पावसाच्या आधीपासून भावजींचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पाखाडीवर मधे दोनदा थांबायचे. थांबून, जसं काही फणस बघायलाच थांबलोय, असं वर झाडाकडे बघायचे. मला ते खिडकीतून दिसायचं आणि जिवाला लागायचं. अशात केतकी चार दिवस आली होती. तिने सहज कम्प्युटर उघडला आणि म्हणाली, "आई, हे तू हाताने का करतेस? हा डबा रोज स्वतः घेतो की प्रत. इथे बघ, आपोआपची टिक काढलेली आहे फक्त."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच, एक रिकामा चौकोन होता. म्हटलं, राहून गेलं असेल भावजींकडून. केतकीने मला दाखवलं, टिक कशी करायची, वेळ कशी घालायची. दुपारी दोनची घातली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता डब्याचा दिवा लुकलुकला आणि प्रत झाली. मी स्वतः ती उघडून शब्द काढून बघितला. निघाला. मला इतका आनंद झाला, म्हटलं, या वयात मी भावजींचा त्रास वाचवला.

गुरुवारी मुद्दाम पातोळे केले, हळदीच्या पानातले. भावजी आले, छत्री उपडी केली, वही काढली. मी म्हटलं, "भावजी, आजपासून तुम्ही मोकळे." आणि सगळं सांगितलं. टिक, दोन वाजता, दिवा. "तपासून पण मीच बघते. तुम्हाला आता पायऱ्या चढायला नकोत."

त्यांनी कम्प्युटरकडे बघितलं. मग झरोक्याकडे बघितलं. "जमलं तुम्हाला?" म्हणाले.

"जमलं की."

"बरं झालं," म्हणाले. "शिकलात. बरं झालं." पातोळा अर्धा खाल्ला. गोड कमी खायला सांगितलंय डॉक्टरांनी, म्हणाले. डॉक्टरांनी असं कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. वही पिशवीत घातली आणि गेले. त्या दिवशी ते पाखाडीवर कुठे थांबले नाहीत.

पुढच्या गुरुवारी आले नाहीत. म्हटलं, बरोबर आहे, काम नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी हे चार वाजता पेपर घडी करून बसले. मी चहा आणला तर कपांकडे बघून म्हणाले, "दोनच?" मी म्हटलं, "मग किती?" हे जरा वेळाने म्हणाले, "तू वाच एखादा शब्द." मी कम्प्युटर उघडून बोट ठेवलं. 'खळं' निघाला. "घरापुढचं सारवलेलं अंगण," मी वाचलं. हे म्हणाले, "बरोबर आहे." झालं. दोन मिनिटांत गुरुवार संपला.

तिसऱ्या आठवड्यात भावजी मला बाजारात भेटले, पडवळ घेताना. मी बघितलं तसे हसले. म्हणाले, "काय वहिनी, तुमच्याकडे किती लागला पाऊस?"

मी घरी आले ती भाजीची पिशवी हातातच घेऊन उभी राहिले. शितूत भावजींनी मला पाऊस विचारला होता.

तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. ज्या माणसाने डबा घ्यायला पावणेदोन महिने लावले, सोबत आलेलं बारीक अक्षरांचं पुस्तक पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचलं, त्याच्याकडून एक टिक राहून जाईल? मी पुण्याला पाटणकर वहिनींना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "तुमच्या डब्यात आपोआपची टिक होती का हो?"

"नव्हती," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलाने इथे डबा लावला तेव्हा त्याला दिसलं. त्याने शितूतांना फोनवर विचारलं सुद्धा. ते म्हणाले, मीच काढून ठेवलेली होती, आपोआपवर विसंबू नये माणसाने." मग म्हणाल्या, "आता मंगळवारी कोणाकडे जातात हो ते?"

कोणाकडे नाही, हे मला सांगवेना. म्हटलं, "येतात आमच्याकडे."

फोन ठेवला आणि पडवीत आले. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग आता? चहाला या म्हणून बोलाव." मी म्हटलं, "चहाला म्हणून ते कधी कोणाकडे गेलेत का? काम असल्याशिवाय ज्या माणसाने कोणाचा उंबरा ओलांडला नाही, त्याला नुसतं ये म्हणून तो येईल?" हे म्हणाले, "मग बिघडव काहीतरी."

कंट्रोलर माणूस, पण कधीकधी सुचतं.

मी कम्प्युटर उघडला आणि ती टिक काढली. चौकोन परत रिकामा. दुसऱ्या दिवशी दोन वाजून गेले, दिवा लुकलुकला नाही. मग भावजींना फोन केला. सोमवार होता.

"भावजी, बेगमी होत नाहीये."

"म्हणजे? काय दिसतंय स्क्रीनवर?"

"काहीच दिसत नाही. तेच तर."

"दिवा?"

"दिवा आहे, पण गप्प आहे. आपोआपचं काही खरं नाही हो."

"कशाला हात लावू नका," म्हणाले. "येतो."

दहा मिनिटांत पडवीत. छत्री उपडी, वही बाहेर. खुर्चीवर बसले आणि कसलीशी खिडकी उघडली, जी मी आजवर बघितलेलीच नव्हती. ओळीच ओळी, सगळ्या इंग्रजीत. मी विचारलं, "हे काय?"

"डब्याची नोंदवही," ते म्हणाले. "कधी काय झालं, सगळं लिहून ठेवतो तो."

मी इंग्रजी लावून लावून वाचते, पण तारखा आणि वेळा कळतातच की. रोज दोन वाजता एक ओळ, पुढे हिरवी खूण. रोज. एकही दिवस चुकला नव्हता. आणि सगळ्यात शेवटी, काल दुपारी सव्वाचार वाजताची एक ओळ. वेळापत्रक बंद केलं. कोणी बंद केलं, तेही पुढे होतं. Shalan. माझंच नाव, कम्प्युटरला केतकीने दिलेलं.

भावजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ऑफिसात मूळ कागदाशी नक्कल ताडून बघायचे तसं, एकदा ओळीवरून, परत एकदा ओळीवरून. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. ह्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरलेला, पण पान उलटत नव्हते. भावजींनी चष्मा काढला. धोतराचा सोगा असता तर त्याने पुसला असता, पँट होती म्हणून शर्टाने पुसला. पुसायला फार वेळ लावला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ही शेवटची नोंद आहे ना, ही पुसता येते."

"हो का?" मी म्हटलं.

"येते. पण अवघड आहे जरा. शिकवायला लागेल."

पेपराच्या मागून हे म्हणाले, "किती बैठका लागतील?"

भावजींनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "गणपतीपर्यंत तरी नाही उरकायचं," म्हणाले. "सोमवार आणि गुरुवार, दोन्ही धरले तरी."

मी चहा टाकायला आत गेले. तीन कप काढले. बाहेर दोघांचं, टिक काढणाऱ्याने आधी ही खिडकी बघून घ्यायला हवी होती की नाही, यावर सुरू झालं होतं.

ती नोंद अजून पुसून झालेली नाही. शब्द आता दोन हजारांच्या पुढे गेलेत.

आणि तुला सांगते, तूही परत ये लवकर. मागच्या खेपेसारखं, पुढच्या वर्षी बघू, असं नको. काही कारण लागत असेल तर फोन बिघडलाय म्हणून ये, भावजींना मी सांगून ठेवते. नाहीतर नुसतं ये. सोमवारी नाही तर गुरुवारी, चारच्या सुमाराला.